डिजिटल ध्वनिमुद्रक आणि स्टुडिओतील उपकरणे : जोडणीची तत्त्वे व व्यवहार

आवाजाचे अंकांत रूपांतर करून तो साठविणाऱ्या उपकरणाला डिजिटल ध्वनिमुद्रक म्हणतात. नभोवाणी केंद्र, चित्रपटाचा स्टुडिओ किंवा एखाद्या गावातील लोकगीतांची बैठक, कोठेही हे उपकरण एकटे काम करीत नाही. त्याच्या आधी माईक व मिक्सर असतात, तर त्याच्यानंतर संगणक, ध्वनिवर्धक आणि प्रक्षेपणाची यंत्रणा असते. या साखळीच्या प्रत्येक दुव्यावर संकेताची पातळी, जोडणीचा प्रकार आणि कालमापन या तीन गोष्टी जुळाव्या लागतात. यांपैकी एक जरी चुकली तरी मुद्रण बिघडते. बातमीतील प्रतिक्रिया कदाचित पुन्हा मिळविता येते. ऐंशी वर्षांच्या गायिकेने एकदाच म्हटलेले गाणे मात्र पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणूनच जोडणीचा विषय केवळ तंत्रज्ञांपुरता मर्यादित राहत नाही.

फितीपासून मेमरी कार्डापर्यंत

भारतात संघटित नभोवाणीचा प्रारंभ २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्राने झाला. पुढे अनेक दशके आकाशवाणीच्या स्टुडिओंत पाव इंच रुंदीची चुंबकीय फीत हेच ध्वनिमुद्रणाचे प्रमुख माध्यम होते. त्या काळी जोडणीचा प्रश्न तुलनेने सोपा होता. सर्व उपकरणे ॲनालॉग असल्यामुळे विद्युत पातळी आणि तारा जुळल्या की काम भागत असे.

१९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली आणि अंकांत साठविलेला आवाज घरोघरी पोहोचू लागला. १९८७ साली सोनी कंपनीने डिजिटल ऑडिओ टेप, म्हणजेच डॅट, ही पद्धत आणली. लहान कॅसेटवर ४८ किलोहर्ट्झ व १६ बिट दर्जाचे मुद्रण करणारी ही यंत्रे नभोवाणी केंद्रांनी आणि क्षेत्रीय संशोधकांनी जगभर वापरली. १९९२ साली मिनिडिस्क आली. त्याच सुमारास व्हिडिओ कॅसेटवर एकाच वेळी आठ स्वतंत्र पट्ट्यांचे मुद्रण करणारी ॲडॅट यंत्रे लहान स्टुडिओंत दिसू लागली. त्यानंतर हार्ड डिस्क आणि मेमरी कार्ड यांनी फितीची जागा घेतली. सोनीने डॅट यंत्रांचे उत्पादन २००५ साली आणि मिनिडिस्क यंत्रांचे उत्पादन २०१३ साली थांबविले.

माध्यमे अशी बदलत गेली, तरी आधीची उपकरणे एकदम नाहीशी झाली नाहीत. आजही एकाच स्टुडिओत जुना मिक्सर, नवा संगणक, मेमरी कार्डाचा ध्वनिमुद्रक आणि कपाटात जपून ठेवलेले डॅट यंत्र एकत्र आढळते. जोडणीच्या बहुतेक अडचणी या वेगवेगळ्या काळांतील उपकरणांच्या सहवासातून निर्माण होतात.

सिहोऱ्याचे उदाहरण

मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यात, जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या मार्गावर सिहोरा हे तहसिलीचे गाव आहे. जबलपूरपासून ते सुमारे ४० किलोमीटर दूर असून ‘सिहोरा रोड’ या नावाचे रेल्वे स्थानक तेथे आहे. या भागाचा मराठी भाषकांशी जुना संबंध आहे. १७९८ पासून १८१७ पर्यंत जबलपूरवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. जबलपुरात मराठी कुटुंबांची वस्ती आजही आहे. आकाशवाणीचे जबलपूर केंद्र १९६४ साली सुरू झाले.

या परिसरात फाग, आल्हा, नर्मदेच्या यात्रेकरूंची बंबुलिया आणि गोंड समाजातील करमा अशी समृद्ध गीतपरंपरा आहे. ही गीते अंगणात, देवळापुढे किंवा मेळ्यात गायिली जातात. त्यामुळे गायकाला शहरातील स्टुडिओत आणण्यापेक्षा ध्वनिमुद्रक गायकापर्यंत नेणे इष्ट ठरते. सिहोऱ्याजवळील एखाद्या खेड्यात रात्री आल्ह्याचे गायन मुद्रित करावयाचे आहे आणि दुसऱ्या दिवशी ते जबलपूरच्या स्टुडिओत संपादित करावयाचे आहे, असे समजू. या एका कामात जोडणीचे बहुतेक सर्व प्रकार येतात. गावात ध्वनिमुद्रक माईकला किंवा तेथील लाउडस्पीकरच्या मिक्सरला जोडावा लागतो. स्टुडिओत तोच ध्वनिमुद्रक मोठ्या मिक्सरला, संगणकाला किंवा दुसऱ्या डिजिटल यंत्राला जोडावा लागतो.

पातळीचा मेळ

माईकमधून निघणारा विद्युत संकेत अत्यंत क्षीण असतो. साध्या डायनॅमिक माईकसमोर बोलले असता मिळणारा दाब एक-दोन मिलिव्होल्टच्या आसपास असतो. याला माईक पातळी म्हणतात. मिक्सर, ध्वनिमुद्रक यांसारखी उपकरणे परस्परांना जो संकेत देतात तो याहून कितीतरी मोठा असतो व त्याला लाइन पातळी म्हणतात.

लाइन पातळीचेही दोन प्रकार आहेत. व्यावसायिक उपकरणांची प्रमाण पातळी अधिक ४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट असते. घरगुती उपकरणांची पातळी उणे १० डीबीव्ही, म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट असते. या दोहोंत जवळजवळ १२ डेसिबलचा फरक पडतो. घरगुती यंत्राचा आवाज व्यावसायिक मिक्सरवर दबका ऐकू येतो, तर व्यावसायिक मिक्सरचा संकेत घरगुती यंत्रात फाटतो, त्याचे कारण हेच होय. अनेक यंत्रांच्या मागील बाजूस ही पातळी निवडण्याचे बटण असते; जोडणीपूर्वी ते पाहणे आवश्यक आहे.

गावातील कार्यक्रमात सर्वाधिक घडणारी चूक याहून मोठी असते. लाउडस्पीकरच्या मिक्सरमधून येणारी तार ध्वनिमुद्रकाच्या माईकच्या छिद्रात खोचली जाते. मिलिव्होल्टची अपेक्षा असलेल्या ठिकाणी व्होल्टभर संकेत, म्हणजे सुमारे हजारपट मोठा दाब, पोहोचतो. मुद्रकाचा प्रवर्धक तेथेच संकेताचे शेंडे छाटून टाकतो. अनेक यंत्रांत मुद्रणाची पातळी ठरविणारे बटण या प्रवर्धकाच्या पुढे असते. अशा यंत्रात ते बटण कमी केल्यावर मीटरवरील आकडा खाली येतो आणि सर्व काही ठीक असल्याचा भास होतो. परंतु छाटलेला आवाज छाटलेलाच राहतो. म्हणून मीटर पाहून समाधान मानू नये, मुद्रकाला हेडफोन लावून आवाज प्रत्यक्ष ऐकावा. उपकरणावर लाइन पातळीची निवड उपलब्ध असल्यास ती करावी. ती नसल्यास संकेत ४० डेसिबलच्या आसपास उतरविणारा पॅड मध्ये घालावा.

माईकला वीज पुरविणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरबाबतही दक्षता आवश्यक आहे. कंडेन्सर माईकला हा पुरवठा लागतो. मात्र मिक्सरचा आउटपुट किंवा दुसऱ्या यंत्राची तार त्याच छिद्रात जोडलेली असताना तो चालू राहिला, तर समोरच्या यंत्राला इजा पोहोचू शकते. जोडणी बदलण्यापूर्वी फँटम बंद करून काही क्षण थांबावे, असा पाळण्याजोगा नियम आहे.

शून्याच्या वर काही नाही

फितीवर काम केलेल्या तंत्रज्ञांना मीटरचा काटा शून्यापर्यंत, प्रसंगी त्याच्याही पुढे नेण्याची सवय असे. फीत थोडासा अतिरेक सहन करीत असे आणि पातळी कमी ठेवल्यास फितीची सळसळ ऐकू येत असे. डिजिटल मुद्रणात हा हिशेब उलटा होतो. तेथील शून्य डीबीएफएस ही अखेरची मर्यादा आहे. त्याहून मोठा संकेत नोंदविण्यासाठी अंकच शिल्लक नसतो आणि लाटेचा माथा सपाट होतो. त्यातून कर्कश खरखर निर्माण होते.

यासाठी युरोपीय प्रसारण संघाने उणे १८ डीबीएफएस आणि अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संस्थेने उणे २० डीबीएफएस ही संदर्भपातळी ठरविली आहे. मिक्सरमधून १००० हर्ट्झचा स्थिर सूर सोडून मिक्सरच्या मीटरवर प्रमाण पातळी दाखविली जात असताना ध्वनिमुद्रकावर उणे १८ किंवा उणे २० दिसेल अशी मांडणी केली जाते. त्यामुळे अचानक चढणाऱ्या आवाजासाठी वर पुरेशी जागा राहते. आल्हा गाणारा गायक युद्धाच्या वर्णनाला पोहोचताच आवाज किती चढवील, हे आधी कोणी सांगू शकत नाही.

ही मोकळी जागा ठेवणे २४ बिट मुद्रणामुळे सुकर झाले आहे. प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबलचा पल्ला मिळतो. त्यानुसार १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबल आणि २४ बिटांत तत्त्वतः १४४ डेसिबल इतका पल्ला उपलब्ध होतो. त्यामुळे पातळी थोडी खाली ठेवूनही आवाजाचा दर्जा घसरत नाही. २०१९ च्या सुमारास ३२ बिट फ्लोट पद्धतीचे सुटसुटीत ध्वनिमुद्रक बाजारात आले. त्यांत शून्यावर गेलेला आवाज नंतर खाली आणता येतो. तथापि माईक किंवा त्याआधीचा मिक्सर यांतच आवाज फाटला असेल, तर त्यावर या पद्धतीपाशीही उपाय नाही.

गुणगुण आणि अर्थिंग

ॲनालॉग जोडणी दोन प्रकारची असते. असंतुलित जोडणीत संकेताची एक तार आणि तिच्याभोवती जाळीचे आवरण असते. घरगुती यंत्रांच्या आरसीए पिना आणि एका वाहिनीचा साधा जॅक ही तिची उदाहरणे होत. संतुलित जोडणीत एकच संकेत दोन तारांतून परस्परविरुद्ध दिशेने जातो. वाटेत शिरलेला उपद्रव दोन्ही तारांत सारखाच येतो आणि पुढील यंत्र दोहोंतील फरकच घेत असल्याने तो उपद्रव वजा होतो. तीन पिनांच्या एक्सएलआर प्लगमध्ये पहिली पिन आवरणाची, दुसरी संकेताची आणि तिसरी उलट संकेताची असते. असंतुलित तार काही मीटरपुरतीच वापरावी; मंडपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावयाचे असल्यास संतुलित जोडणीला पर्याय नाही.

मुद्रणात ऐकू येणारी सततची गुणगुण बहुतांशी विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारतेची व तिच्या पटींची असते. मिक्सर एका सॉकेटवर आणि ध्वनिमुद्रक किंवा संगणक दुसऱ्या सॉकेटवर असेल, तर दोन्ही ठिकाणच्या अर्थिंगमध्ये सूक्ष्म फरक पडतो. ध्वनीच्या तारेचे आवरण त्या दोन अर्थिंगना जोडते आणि त्यातून प्रवाह वाहू लागतो. यावर सर्व उपकरणे एकाच वीजपट्टीवर घेणे, ध्वनिमुद्रक त्याच्या बॅटरीवर चालविणे किंवा दोहोंमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालणे हे उपाय आहेत. गुणगुण घालविण्यासाठी वीजप्लगची तिसरी पिन काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती अत्यंत धोकादायक आहे. यंत्रात बिघाड झाल्यास माईक हाती घेतलेल्या गायकाला विजेचा धक्का बसू शकतो.

अंकांची देवाणघेवाण

स्टुडिओत पोहोचल्यावर ध्वनिमुद्रकातील आवाज ॲनालॉग मार्गाने पुन्हा मुद्रित करता येतो. परंतु तसे केल्यास अंकांचा आवाज आणि आवाजाचे पुन्हा अंक असा दुहेरी प्रवास घडतो व प्रत्येक वेळी थोडी हानी होते. डिजिटल जोडणीत अंक जसेच्या तसे पुढे जातात. तिचे पुढील प्रकार प्रचलित आहेत.

एईएस ३ : ही व्यावसायिक पद्धत १९८५ साली प्रमाणित झाली. एका एक्सएलआर तारेतून दोन वाहिन्या जातात. तारेचा प्रतिबाध ११० ओहम असावा लागतो. योग्य तार असल्यास १०० मीटरपर्यंत संकेत नेता येतो. माईकची तार दिसायला तशीच असते व थोड्या अंतरावर चालूनही जाते. लांब अंतरावर मात्र तिच्यामुळे आवाजात खंड पडू लागतो.

एसपीडीआयएफ : सोनी आणि फिलिप्स यांच्या नावावरून ओळखली जाणारी ही घरगुती यंत्रांची पद्धत आहे. ती ७५ ओहमच्या तारेतून किंवा प्रकाशतंतूतून चालते. प्रकाशतंतूच्या जोडणीत विजेचा संबंधच नसल्यामुळे अर्थिंगची गुणगुण तिच्यातून येत नाही. याच पद्धतीत नकलांवर बंधन घालणारी खूणही पाठविली जाते. त्यामुळे घरगुती डॅट व मिनिडिस्क यंत्रांवर डिजिटल नकलेची पुन्हा डिजिटल नक्कल होत नसे. आपलेच मुद्रण असूनही यंत्र ते का नाकारते, या कोड्याचे उत्तर अनेकदा या खुणेत असते.

ॲडॅट प्रकाशजोडणी : तशाच दिसणाऱ्या प्रकाशतंतूतून ४८ किलोहर्ट्झच्या आठ वाहिन्या एकाच वेळी जातात. प्लग एकसारखा असला तरी भाषा निराळी असते. म्हणून ॲडॅटचा आउटपुट एसपीडीआयएफच्या इनपुटला जोडल्यास काहीही निष्पन्न होत नाही.

नेटवर्क : मोठ्या केंद्रांत संगणकाच्या जाळ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तारेतूनच शेकडो वाहिन्या नेल्या जातात. निरनिराळ्या कंपन्यांच्या अशा पद्धतींचा परस्परांशी मेळ बसावा यासाठी २०१३ साली एईएस ६७ हे प्रमाण प्रसिद्ध झाले.

घड्याळ कोणाचे?

डिजिटल जोडणीत तार आणि पातळी बिनचूक असूनही मधूनमधून ‘टिक’ असा आवाज येतो, कधी क्षणभर शांतता पसरते. नवख्या माणसाला तार सैल असल्याचा संशय येतो. प्रत्यक्षात दोष बहुधा घड्याळाचा असतो.

डिजिटल यंत्र आवाजाचे सेकंदाला ठरावीक नमुने घेते. ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने. हे नमुने मोजणारे घड्याळ प्रत्येक यंत्रात असते आणि कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखांमागे २० इतकाच फरक असला तरी सेकंदाला जवळजवळ एक नमुना जास्त किंवा कमी पडतो. घेणाऱ्या यंत्राला तो टाकून द्यावा लागतो किंवा दोनदा वापरावा लागतो, आणि त्याच क्षणी ‘टिक’ ऐकू येते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसेच एका स्टुडिओत दोन घड्याळे नांदत नाहीत.

यासाठी एका यंत्राचे घड्याळ प्रमुख मानून बाकीच्यांना त्याच्या मागे चालविले जाते. मैफलीतील सर्व वाद्ये एकाच षड्जाला जुळवून घ्यावीत, तसा हा प्रकार आहे. दोनच यंत्रे असल्यास घेणाऱ्या यंत्रावर ‘बाह्य घड्याळ’ ही निवड केली की ते येणाऱ्या संकेतातूनच ठोका घेते. यंत्रे अधिक असल्यास स्वतंत्र वर्ड क्लॉक यंत्रातून ७५ ओहमच्या तारांनी प्रत्येकाला ठोका पोहोचविला जातो. या तारेच्या अखेरच्या टोकाला ७५ ओहमचे टर्मिनेशन लावणे आवश्यक असते. लहान, हातात मावणाऱ्या ध्वनिमुद्रकांना बहुधा बाहेरचे घड्याळ घेता येत नाही. अशा वेळी त्यांनाच प्रमुख मानावे किंवा मध्ये नमुनेदर बदलणारे यंत्र घालावे.

दोन ध्वनिमुद्रक जोडणीविना स्वतंत्रपणे चालविले असतील, तर हाच फरक साचत जातो. वरील उदाहरणातील दोन यंत्रे तासाभरात परस्परांपासून ७२ मिलिसेकंद दूर जातात. गायकापुढे एक आणि ढोलकापुढे दुसरे यंत्र ठेवले असेल, तर संपादनाच्या वेळी प्रारंभी जुळलेला ताल अखेरीस सुटलेला आढळतो. चित्रीकरणात आवाज आणि ओठांची हालचाल यांतही अशीच तफावत दिसू लागते.

नमुनेदराची गल्लत याहून ठळक असते. ४४.१ किलोहर्ट्झवर मुद्रित झालेले गाणे रूपांतर न करता ४८ किलोहर्ट्झच्या वेगाने वाजविले, तर ते सुमारे ९ टक्के जलद होते. तासाभराचे गायन पंचावन्न मिनिटांत संपते आणि स्वर जवळजवळ दीड श्रुतिपट्टीने, म्हणजे पेटीवरच्या दीड पट्टीने, वर चढतो. पांढरी एकमध्ये गाणाऱ्या कलावंताचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कोठेतरी लागतो. गायकाला ओळखणाऱ्या श्रोत्याला आवाज ‘बारीक’ झाल्यासारखा वाटतो. ही चूक वेळीच लक्षात आली तर दुरुस्त करता येते. मात्र त्या अवस्थेत मुद्रण संग्रहात जमा झाले, तर पुढच्या पिढीला त्या गायकाची खरी पट्टी कळणार नाही.

संगणकाशी जोडणी

मेमरी कार्डावरील ध्वनिमुद्रकाच्या बाबतीत यूएसबी तारेने फाइल संगणकावर उतरविणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. यात आवाज वाजविला जात नाही, केवळ अंकांची नक्कल होते. त्यामुळे घड्याळ व पातळी यांचा प्रश्नच उद्भवत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि दोन वाहिन्या या दर्जाच्या एक तासाच्या मुद्रणाला सुमारे १.०४ गिगाबाइट जागा लागते. ९६ किलोहर्ट्झला तिच्या दुप्पट लागते. साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ गिगाबाइट असल्याने रात्रभराचे मुद्रण यंत्र अनेक तुकड्यांत विभागते. हे तुकडे क्रमाने व एकही न गाळता उतरविले आहेत याची खातरजमा करावी. कार्ड पुसण्यापूर्वी दोन निरनिराळ्या ठिकाणी प्रती झालेल्या असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत ऐकून पाहिलेली असावी.

अनेक ध्वनिमुद्रक यूएसबीद्वारे संगणकाचे ऑडिओ इंटरफेस म्हणूनही काम करतात. या स्थितीत संगणकातील नमुनेदर आणि ध्वनिमुद्रकावरील नमुनेदर एकच ठेवावा लागतो.

नभोवाणीसाठी युरोपीय प्रसारण संघाने १९९७ साली ब्रॉडकास्ट वेव्ह हा फाइलचा प्रकार प्रसिद्ध केला. त्यात आवाजाबरोबरच मुद्रणाची तारीख, वेळ आणि वर्णन नोंदविता येते. गायिकेचे नाव, गाव आणि गीताचा प्रकार फाइलमध्येच राहिल्यास कार्डावरील चिठ्ठी हरवली तरी मुद्रण अनाम होत नाही.

जुन्या मुद्रणांचा प्रश्न

जोडणीचे ज्ञान सर्वाधिक निकडीचे ठरते ते जुन्या मुद्रणांच्या बाबतीत. डॅट कॅसेटमधील आवाज अंकांत असला तरी ती संगणकात फाइलप्रमाणे उतरविता येत नाही. सामान्यतः ती यंत्रावर वाजवूनच, एईएस ३ किंवा एसपीडीआयएफ जोडणीतून, नवीन ध्वनिमुद्रकात घ्यावी लागते. यात घड्याळ डॅट यंत्राचे असावे लागते. उत्पादन थांबल्यामुळे चालू स्थितीतील यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले आहेत. मिनिडिस्कची स्थिती आणखी अवघड आहे, कारण बहुतेक लहान यंत्रांना डिजिटल आउटपुटच नव्हता. २००६ साली आलेल्या एका विशिष्ट मॉडेलवर जुनी मुद्रणे यूएसबीतून उतरविण्याची सोय झाली. ते उपलब्ध नसल्यास ॲनालॉग जोडणीवाचून गत्यंतर नसते.

पाव इंची फितीसाठी वाजविणाऱ्या यंत्राचे हेड फितीशी काटकोनात जुळवून, ॲनालॉग आउटपुट चांगल्या रूपांतरकाला संतुलित तारेने जोडला जातो. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने यासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट दर्जाची शिफारस केली असून प्रत्यक्षात ९६ किलोहर्ट्झ दर्जा अनेक संग्रहालये वापरतात. हे काम फितीच्या लांबीइतका वेळ घेतेच. शंभर तासांच्या फितींना शंभर तासांहून अधिक वेळ लागतो.

या परिश्रमांचे मोल महाराष्ट्रातील एका कार्यावरून लक्षात येते. पुण्यात गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचे संकलन केले. हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांवर स्त्रियांनी गायिलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या त्यात नोंदविल्या गेल्या. बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांपैकी सुमारे १२० तासांची ध्वनिमुद्रणे सूचीबद्ध झाली. पॉइतवाँ यांचे २००४ साली व राईरकर यांचे २०१० साली निधन झाले. २०१७ पासून हे भांडार ‘पारी’ या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होऊ लागले. पिठाच्या गिरण्या आल्यानंतर घरातील जाते थांबले आणि पहाटेच्या ओव्याही विरळ झाल्या. ज्या आवाजांची नोंद वेळेवर आणि नीट झाली, तेच आज ऐकता येतात.

जोडणीपूर्वीची तपासणी

मुद्रणास आरंभ करण्यापूर्वी पुढील बाबी क्रमाने पाहाव्यात.

१. दोन्ही यंत्रांची पातळी : माईक की लाइन, अधिक ४ की उणे १०.
२. फँटम पॉवर : आवश्यक असेल त्याच छिद्राला चालू, इतरत्र बंद.
३. तार : लांब अंतरासाठी संतुलित, डिजिटल जोडणीसाठी योग्य प्रतिबाधाची.
४. वीज : शक्यतो एकच वीजपट्टी, अर्थिंगची पिन जागेवर.
५. नमुनेदर व बिट : सर्व यंत्रांवर समान.
६. घड्याळ : प्रमुख एकच, बाकीची बाह्य घड्याळावर.
७. संदर्भ सूर : १००० हर्ट्झ सोडून पातळी उणे १८ किंवा उणे २० वर लावलेली.
८. चाचणी : एक मिनिट मुद्रण करून ते हेडफोनवर अखेरपर्यंत ऐकलेले.

जोडणी करताना ध्वनिवर्धकाचा आवाज बंद ठेवावा. यंत्रे सुरू करताना ध्वनिवर्धक सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी, हा क्रम पाळल्यास स्पीकरला इजा होत नाही.

या तपासणीला दहा-पंधरा मिनिटे लागतात. सिहोऱ्यासारख्या गावात गायक मंडळी जमलेली असतात, ढोलक तापवून तयार असतो आणि श्रोते खोळंबलेले असतात. त्या घाईत बहुधा शेवटची पायरी गाळली जाते व मुद्रण न ऐकताच कार्यक्रम सुरू होतो. चूक उमगते ती दुसऱ्या दिवशी जबलपूरला, तोवर गायक आपापल्या गावी परतलेले असतात. त्यामुळे संपूर्ण यादी पाळणे शक्य नसेल, तरी एका मिनिटाचे चाचणी मुद्रण ऐकल्याशिवाय गायनाला प्रारंभ करू देऊ नये.